हा खेळाडू खेळूच कसा शकतो? पात्रतेच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये ऑफसाइडवरून आणि पेनल्टीवरून रोजच भांडणं होतात, आणि ती पुढच्या सामन्यापर्यंत विरूनही जातात. "तो खेळाडू मैदानात उतरायलाच नको होता" हे भांडण मात्र वर्षानुवर्षं चालतं. कारण उघड आहे. हा आरोप खरा ठरला तर निकाल बदलतो, गुण जातात, एखादा संघ स्पर्धेबाहेर फेकला जातो. मी या वादांमध्ये दोन्ही बाजूंनी भांडलो आहे आणि कधीकधी चुकीच्या बाजूनेही. त्यातून पुन्हापुन्हा समोर आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

अपात्र खेळाडू म्हणजे नेमका कोण?

ज्याला त्या सामन्यात, त्या संघाकडून, त्या दिवशी खेळायची परवानगी नव्हती तो. यातला "त्या दिवशी" हा भाग लोक विसरतात. आज अपात्र असलेला खेळाडू पुढच्या आठवड्यात पूर्णपणे पात्र असू शकतो. लीगमध्ये बिनदिक्कत खेळणारा माणूस कपमध्ये निलंबित असू शकतो.

कारणं ढोबळमानाने चार. नोंदणी पूर्ण नसणं, कार्डांमुळे किंवा गैरवर्तनामुळे आलेलं निलंबन शिल्लक असणं, राष्ट्रीय संघाच्या बाबतीत नागरिकत्वाच्या अटी न भरणं, आणि वयोगटाच्या स्पर्धेत वय जास्त असणं. यातलं शेवटचं हलकं समजू नका. १९८८ मध्ये मेक्सिकोने २० वर्षांखालील पात्रता स्पर्धेत जास्त वयाचे खेळाडू उतरवल्याचं उघड झालं, तेव्हा फिफाने सगळ्या मेक्सिकन संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. पोरांच्या स्पर्धेतली लबाडी, आणि १९९०चा विश्वचषक हुकला तो मोठ्यांचा.

वाद घालताना आधी समोरच्याला विचारा: यातलं कोणतं कारण? निम्मे वाद तिथेच संपतात, कारण आरोप करणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं.

अपात्र खेळाडू खेळला की सामना आपोआप ०-३ होतो का?

आपोआप काहीच होत नाही. फिफाच्या स्पर्धांमध्ये साधारण नियम असा की दोषी संघ तो सामना ०-३ ने हरला असं धरतात. मैदानावर तो त्याहून जास्त फरकाने हरला असेल तर मूळ निकालच कायम राहतो. बाद फेरीत संघ सरळ स्पर्धेबाहेर जाऊ शकतो. पण देशांतर्गत लीगचे नियम ज्याचे त्याचे वेगळे. कुठे गुण कापतात, कुठे नुसता दंड होतो. म्हणून "त्या लीगमध्ये गुण कापले होते, मग इथे का नाही?" हा युक्तिवाद ऐकायला जोरदार असला तरी चालत नाही.

मग तेव्हेसच्या प्रकरणात वेस्ट हॅमचे गुण का कापले नाहीत?

शेफील्ड युनायटेडच्या चाहत्यांसमोर हा विषय आजही जपून काढावा.

ऑगस्ट २००६ मध्ये कार्लोस तेव्हेस आणि हाव्हिएर मास्चेरानो हे अर्जेंटिनाचे खेळाडू इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबमध्ये आले. त्यांचे आर्थिक हक्क क्लबबाहेरच्या तिसऱ्या पक्षाकडे होते, आणि त्या कराराची कागदपत्रं वेस्ट हॅमने प्रीमियर लीगपुढे पूर्ण मांडली नव्हती. एप्रिल २००७ मध्ये स्वतंत्र आयोगाने क्लबला ५५ लाख पौंडांचा दंड केला. गुण मात्र कापले नाहीत. क्लबने दोष कबूल केला होता, दरम्यान मालकही बदलले होते, अशी कारणं आयोगाने विचारात घेतली.

१३ मे २००७, हंगामाचा शेवटचा दिवस. ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट हॅम १-० ने जिंकला आणि गोल केला तो तेव्हेसनेच. त्याच वेळी शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर विगनकडून १-२ ने हरला. विगन आणि शेफील्ड, दोघांचेही ३८ गुण. गोलफरकावर शेफील्ड खालच्या लीगमध्ये गेला. वेस्ट हॅमचे ४१ होते, म्हणजे थोडेसे गुण कापले असते तरी चित्र पालटलं असतं.

माझं मत विचाराल तर शेफील्डवर अन्याय झाला. पुढे लवादाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २००९ मध्ये दोन्ही क्लबांनी भरपाईवर तडजोड केली. पण पैसे मिळाले म्हणून गेलेला हंगाम परत येत नाही. तरी एक गोष्ट वेस्ट हॅमच्या बाजूने मान्य करावी लागते. तेव्हेस त्या शेवटच्या दिवशी लीगच्या परवानगीनेच खेळत होता. आयोगाने त्याला अपात्र ठरवलं नव्हतं. राग धरायचा तर शिक्षेच्या मापावर धरा.

आमचा खेळाडू शेवटची चार मिनिटं खेळला, तेही सामना खिशात असताना. तेवढ्यासाठी बाहेर?

हो. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण पोलंडच्या लेगिया वॉर्सॉ क्लबचं. २०१४ च्या चॅम्पियन्स लीग पात्रता फेरीत त्यांनी सेल्टिकला पहिल्या सामन्यात ४-१ ने हरवलं आणि दुसऱ्यात २-० ने. एकूण ६-१. दुसऱ्या सामन्यात ८६व्या मिनिटाला बार्तोश बेरेशिन्स्की बदली म्हणून उतरला.

त्याच्यावर आधीच्या हंगामातल्या लाल कार्डामुळे तीन सामन्यांचं निलंबन होतं. तो तीन सामने बाहेर बसला होता: दोन आधीच्या फेरीतले आणि सेल्टिकविरुद्धचा पहिला. क्लबच्या हिशेबाने शिक्षा संपली. पण आधीच्या फेरीसाठी पाठवलेल्या यादीत त्याचं नावच नव्हतं. आणि यादीत नसलेला खेळाडू निलंबन "भोगतो" असं युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, धरत नाही, कारण तो तसाही खेळू शकला नसता. म्हणजे तीनातला एकच सामना मोजला गेला होता. दुसरा सामना सेल्टिकला ३-० असा बहाल झाला, एकूण ४-४, आणि परक्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे सेल्टिक पुढे.

एका यादीत एक नाव लिहायचं राहिलं, बाकी काही नाही. तो त्या फेरीत खेळणारच नव्हता, म्हणून कुणाला ते लिहावंसंही वाटलं नसणार! लेगियाने सेल्टिकला खुलं पत्र लिहून खिलाडूपणाची विनंती केली, पुढे क्रीडा लवादाकडेही दाद मागितली. काही उपयोग झाला नाही. माझ्या मते नियम बरोबर होता, शिक्षा मात्र चुकीच्या प्रमाणातली. आणि सेल्टिकच्या चाहत्यांना त्यावरून चोर म्हणणं तर अगदीच अन्यायाचं, कारण निर्णय युएफाचा होता.

सामना रद्दबातल ठरला तर त्यात मिळालेलं लाल कार्डही रद्द होतं ना?

नाही. आणि हा प्रश्न केप व्हर्देला फार महाग पडला.

मार्च २०१३ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत इक्वेटोरियल गिनीने केप व्हर्देला ४-३ ने हरवलं. विजेत्यांकडून एमिलिओ एन्सुए खेळला, जो अपात्र होता. सामना केप व्हर्देला ३-० असा मिळाला. पण त्याच सामन्यात केप व्हर्देच्या फर्नांदो वारेलाला लाल कार्ड मिळालं होतं आणि पुढे चार सामन्यांचं निलंबन. सप्टेंबरमध्ये केप व्हर्देने ट्युनिशियाला २-० ने हरवून प्लेऑफ गाठला. वारेला त्यात खेळला. निकाल उलटवला गेला, तो सामना ट्युनिशियाला ३-० आणि प्लेऑफचं तिकीटही ट्युनिशियाला.

एकाच सामन्याने त्यांना आधी तीन गुण दिले आणि मग विश्वचषकाची वाट बंद केली. गुण बदलतात, पण मैदानावर झालेल्या गैरवर्तनाची शिक्षा शिल्लक राहते, हा नियम तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का बसला आहे. (ऑक्टोबर २०२५ मध्ये केप व्हर्दे पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला तेव्हा मला २०१३चीच आठवण झाली.)

"आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं" हा बचाव चालतो का?

क्वचितच. २ डिसेंबर २०१५, स्पेनच्या कोपा देल रे कपमध्ये रेआल माद्रिद विरुद्ध कादिस. देनिस चेरिशेव्हने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. आदल्या हंगामात तो लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, व्हियारेआलमध्ये होता, आणि तिथे याच कपमध्ये तीन पिवळी कार्डं घेतल्यामुळे एका सामन्याचं निलंबन शिल्लक होतं. पहिला अर्धा भाग संपेपर्यंत बातमी मोबाइलवरून गॅलरीत पोहोचली आणि कादिसचे चाहते प्रशिक्षक बेनितेझना ट्विटर बघा म्हणून ओरडायला लागले. दुसरा अर्धा भाग सुरू होताच चेरिशेव्हला बाहेर काढलं. पण तो खेळून गेला होता. माद्रिद ३-१ ने जिंकूनही स्पर्धेबाहेर झालं. खेळाडूला व्यक्तिशः नोटीस मिळाली नव्हती, हे त्यांचं म्हणणं टिकलं नाही.

खेळाडूने क्लब बदलला तरी निलंबन त्याच्याबरोबर येतं, हे लक्षात ठेवा.

"तो मुळात त्या देशाचाच नाही" असं म्हणता येतं का?

म्हणता सगळंच येतं. फिफा विचारतं ते एवढंच: त्याच्याकडे त्या देशाचं नागरिकत्व आहे का, आणि ते नव्याने मिळालेलं असेल तर देशाशी खरा धागा आहे का? तो धागा चारांपैकी कोणताही चालतो. स्वतः तिथे जन्मलेला असणं, जन्मदात्या आईचा किंवा वडिलांचा जन्म तिथला असणं, आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी जन्म तिथला असणं, किंवा तिथलं वास्तव्य. वास्तव्याची अट वयाप्रमाणे बदलते. दहा वर्षांच्या आत राहायला आला असेल तर किमान तीन वर्षं, त्यानंतर आला असेल तर किमान पाच.

भाषा येते का, राष्ट्रगीत म्हणतो का, आडनाव कसलं आहे, यातलं काहीही नियमात नाही. जेरोम बोआटेंग जर्मनीकडून आणि केव्हिन-प्रिन्स बोआटेंग घानाकडून २०१० च्या विश्वचषकात एकमेकांसमोर उभे होते. वडील एकच. २०२२ मध्ये इन्याकी विल्यम्स घानाकडून आणि धाकटा निको स्पेनकडून खेळला. यातला "खरा" कोण, असं विचारण्यात काय अर्थ आहे?

आधी एका देशाकडून खेळला, मग दुसऱ्या. हे नियमात बसतं?

पूर्वी तर फारच सैल होतं. लुइस मोंती १९३० ची विश्वचषक अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून. आज तसं होऊ शकत नाही.

आताचा ढाचा असा. फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळलेला खेळाडू बदल मागू शकतो, मात्र दुसऱ्या देशाचं नागरिकत्व त्याच्याकडे वेळेवर असायला हवं. डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळून इंग्लंडकडे गेला तो असाच. दिएगो कोस्ताही ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळून स्पेनकडे गेला, आणि २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

अधिकृत सामना खेळला की दार बंद, असं बरीच वर्षं होतं. मुनिर एल हद्दादी त्यात सापडला. १९ वर्षांचा असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये, तो स्पेनकडून युरो पात्रता सामन्यात तेरा-एक मिनिटं खेळला. पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. मोरोक्कोकडून खेळायची त्याची मागणी २०१८ मध्ये क्रीडा लवादानेही फेटाळली. सप्टेंबर २०२० मध्ये फिफाने नियम शिथिल केला: शेवटचा सामना २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचा हवा, सीनिअर सामने तीनपेक्षा जास्त नकोत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली हवीत, आणि विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत तो खेळलेला नको. मुनिर २०२१ मध्ये मोरोक्कोकडून उतरला. तेरा मिनिटांपायी साडेसहा वर्षं. राइसला दगाबाज म्हणणाऱ्या मित्रांना मी मुनिरची गोष्ट सांगतो.

पासपोर्टच खोटा असेल तर?

तर प्रकरण गंभीर होतं, पण निकाल तुम्हाला वाटतो तसाच लागेल असं नाही. २०२२ मध्ये चिलीने तक्रार केली की इक्वेडोरचा बायरन कास्तियो खरं तर कोलंबियात जन्मला आहे. तो पात्रता फेरीचे आठ सामने खेळला होता, ते उलटले असते तर चिली विश्वचषकात जाण्याची शक्यता होती. क्रीडा लवादाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. जन्माची खोटी माहिती असलेला दस्तऐवज वापरला गेला हे खरं. आणि तरीही कास्तियो पात्र होता, कारण इक्वेडोरच्या सरकारने त्याला नागरिक मानलं होतं आणि नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाचा. इक्वेडोरला दंड झाला, २०२६ च्या पात्रता फेरीतले तीन गुण कापले. उणे तीनने सुरुवात करूनही ते दक्षिण अमेरिकेत दुसरे आले.

चिलीचे चाहते हा निकाल मान्य करत नाहीत आणि मला त्यांचं दुखणं समजतं. पण कायद्याच्या दृष्टीने जन्मस्थळ आणि नागरिकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच्या उलट मलेशियाचं. जून २०२५ मध्ये त्यांनी व्हिएतनामला ४-० ने हरवलं. मग फिफाने सात खेळाडूंची कागदपत्रं तपासली, तर त्यांचे आजी-आजोबा मलेशियात जन्मले असं दाखवणारे दाखले मूळ नोंदींशी जुळेनात. मूळ नोंदी स्पेन, अर्जेंटिना, ब्राझील आणि नेदरलँड्सच्या होत्या. सप्टेंबरमध्ये सातही जणांवर वर्षभराची बंदी आली, फिफाच्या अपील समितीनेही ती कायम ठेवली. इथे धागाच बनावट असल्याचं फिफाने म्हटलं.

तक्रार केली की फायदा आपल्यालाच होतो ना?

पुन्हा चिली. सप्टेंबर २०१६ मध्ये बोलिव्हियाकडून नेल्सन काब्रेरा दोन सामन्यांत बदली म्हणून उतरला. तो पूर्वी पॅराग्वेकडून खेळला होता आणि बोलिव्हियात त्याची पाच वर्षं भरली नव्हती. चिलीने तक्रार केली, फिफाने दोन्ही सामने उलटवले. चिलीची ०-० बरोबरी विजयात बदलली, म्हणजे दोन गुण जास्त. पण दुसरा सामना पेरूचा होता. पेरू तो ०-२ ने हरला होता, त्याला थेट तीन गुण.

वर्षभराने गुणतक्ता असा लागला: पेरू २६, चिली २६, गोलफरकावर पेरू पाचवा. पेरू प्लेऑफमधून २०१८ च्या विश्वचषकात गेला, चिली घरी बसला. तक्रार केलीच नसती तर चिली २४, पेरू २३.

तक्रार नसेल तर प्रकरण संपलं?

संघांच्या हरकतीची मुदत फार थोडी असते. पण नियामक संस्था स्वतःहूनही चौकशी करू शकते. २१ मार्च २०२५ ला विश्वचषक पात्रता फेरीत दक्षिण आफ्रिकेकडून तेबोहो मोकोएना दोन पिवळ्या कार्डांचं निलंबन असताना लेसोथोविरुद्ध खेळला. निर्णय आला २९ सप्टेंबरला: २-० चा विजय गेला, लेसोथोला ३-०. मधले सहा महिने नायजेरिया आणि बेनिनचे चाहते रोज गुणतक्ता स्वतःच दुरुस्त करून मांडत होते. शेवटी दक्षिण आफ्रिका एका गुणाने गटात पहिला आलाच.

सहा महिने लागणं मला पटत नाही. कार्डांची नोंद संस्थेकडेच असते.

लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकतो का?

प्रीमियर लीगमध्ये नाही. युएफाच्या स्पर्धांत हो. २०१४ मध्ये युएफाने चेल्सीच्या, पण अ‍ॅटलेटिकोत लोनवर असलेल्या थिबो कोर्त्वाबद्दल हेच स्पष्ट केलं, आणि तो अ‍ॅटलेटिकोकडून चेल्सीविरुद्ध उपांत्य फेरी खेळला. २०२० मध्ये बायर्नच्या ८-२ विजयात शेवटचे दोन गोल फिलिपे कुटिन्योचे होते, बार्सिलोनाच्याच खेळाडूचे, बार्सिलोनावर.

रोनाल्डोला सूट मिळाली, ते पात्रतेत कसं बसतं?

१३ नोव्हेंबर २०२५ ला पोर्तुगालकडून आयर्लंडविरुद्ध खेळताना कोपर मारल्याबद्दल त्याला लाल कार्ड मिळालं. शिक्षा तीन सामन्यांची झाली, त्यातला एक तो बाहेर बसला, उरलेले दोन एका वर्षाच्या अटीवर स्थगित ठेवले. म्हणून २०२६ च्या विश्वचषकाचा पहिला सामना खेळायला तो पात्र ठरला. स्थगितीची तरतूद नियमावलीत आहे, त्यामुळे "बेकायदा" म्हणता येणार नाही. नाव कमी मोठं असतं तर हीच दया दाखवली असती का, ही शंका मात्र रास्त आहे आणि मलाही आहे.

चूक उघड झाल्यावर खेळाडूवर राग काढणं बरोबर का?

नाही. यादी तो पाठवत नाही, कार्डांचा हिशेब क्लबच्या कार्यालयात ठेवायचा असतो. खेळाडूने स्वतः खोटी कागदपत्रं दिली असतील तर गोष्ट वेगळी.

नागरिकत्वाच्या वादात तर हे फार लवकर हाताबाहेर जातं. "कागदपत्रं तपासा" पासून "तो आपल्यातला नाही" पर्यंत यायला दोन वाक्यं पुरतात. तुर्की वंशाच्या मेसुत ओझिलने जुलै २०१८ मध्ये जर्मनीचा संघ सोडताना लिहिलं होतं की जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित. त्याच्या पात्रतेवर तर नियमाच्या अंगाने कसला प्रश्नही नव्हता.

जर्मेन डार्लिंग्टनचं नाव फार कुणाला आठवत नसेल. २००७ मध्ये तो चाहत्यांनी उभारलेल्या एएफसी विम्बल्डनकडून खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये खेळत होता. त्याआधी तो कार्डिफ सिटीत होता. कार्डिफ इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतो, पण क्लब वेल्सचा. त्यामुळे त्याच्या बदलीला आंतरराष्ट्रीय दाखला लागत होता आणि तो घेतलेला नव्हता. क्लबचे १८ गुण कापले, एफए ट्रॉफीतूनही काढलं. चाहत्यांनी आवाज उठवला, पण डार्लिंग्टनवर नव्हे, शिक्षेच्या मापावर. अपिलात १८ चे ३ गुण झाले आणि ४०० पौंड दंड.